हरिणी उभी होती तिथे

तिसऱ्यांदा तोच उतार चढताना ऊर्मिलाताईंनी बीचच्या एका झाडाच्या खोडाला हात टेकला आणि म्हणाल्या, "शिरीषराव, जरा दम घेऊ द्या. माझे गुडघे वाईचे आहेत. इथल्या डोंगरांशी त्यांची ओळख नाही."

एरवी यावर शिरीषने काहीतरी परतवलं असतं. आज तो नुसता थांबला. वळूनही बघितलं नाही त्याने. त्याची नजर खाली पाचोळ्यावर होती आणि सकाळपासून ती तिथेच होती. पानांच्या कडांवर दहिवर गोठलं होतं, पाय पडला की पापड मोडल्यासारखा आवाज यायचा.

"इथे काहीच नाही," तो म्हणाला. "एक थेंब नाही, ताई. एक केस नाही."

ऊर्मिलाताई त्याच्या बायकोची, म्हणजे नीताची, थोरली बहीण. वाईच्या शाळेत वर्षानुवर्षं चौथीचे वर्ग सांभाळून निवृत्त झालेल्या आणि आता तीन महिन्यांच्या व्हिसावर पुन्हा जर्मनीत येनाला बहिणीकडे आलेल्या. नीता ऑफिसच्या कामाने बॉनला गेली होती, ती संध्याकाळच्या गाडीने परतायची होती. भाची अन्वी मैत्रिणीकडे होती. शनिवारचा उपास म्हणून ताई सकाळी मारुतीला हात जोडून साबुदाण्याकडे वळल्या होत्या, तेवढ्यात फोन वाजला. शिरीषचाच होता, पण आवाज ओळखू येईना.

"ताई, जाड मोजे घाला आणि बसने वरच्या गावात या. मला आणखी दोन डोळे हवेत."

काय झालं ते त्याने बसथांब्यावरच सांगून टाकलं. गेले पंधरा दिवस या जंगलाच्या कडेला एक लंगडी हरिणी दिसत होती. इकडचं हरिण लहान असतं, आपल्या शेळीएवढं. तिचा पुढचा एक पाय कधीतरी मोडून वाकडाच सांधला होता आणि ती तीन पायांवर चरायची. पाडस बरोबर नव्हतं, ते नीट बघून घेतलं होतं. थंडी वाढली की बर्फ उकरून खायला तिला जमणार नाही, कुठल्यातरी झुडपात उपाशी पडेल, असं म्हाताऱ्या लिंडिगांचं म्हणणं. या जंगलात शिकारीचा हक्क त्यांचा. पण त्यांच्या कमरेचं ऑपरेशन झालेलं, मचाणाची शिडी चढणं बंद. मग त्यांनी शिरीषला सांगितलं, हे तू कर.

शिरीषजवळ परवाना होता, पण जिवंत जनावरावर त्याने कधी गोळी झाडली नव्हती. आज उजाडताना झाडली. हरिणी उंच उसळली, वळली आणि झाडीत दिसेनाशी झाली. नियमाप्रमाणे तो मचाणावर थोडा वेळ गप्प बसून राहिला. मग खाली उतरून बघितलं तर तिथे काहीच नाही. जनावर नाही, रक्त नाही.

"चुकली असेल गोळी," ताई तेव्हा म्हणाल्या होत्या. "गेली असेल बिचारी निघून."

"ती उसळली, ताई. गोळी लागल्याशिवाय तसं उसळत नाहीत."

म्हणजे ती कुठेतरी पडली होती. मेली असली तर प्रश्न नव्हता. पण पोटात गोळी घेऊन जिवंत पडली असली तर? माग काढणाऱ्या कुत्र्याची बाई दुपारशिवाय मोकळी होणार नव्हती, दुसऱ्या एका गावात तिला आधीच बोलावणं होतं. दुपारपर्यंत त्या हरिणीने काय करायचं? तिला सोडवायला म्हणून गेलेल्या माणसाने तिचं दुखणं दुप्पट करून ठेवलं होतं की काय, एवढंच शिरीषला जाणून घ्यायचं होतं. दुसरं काही त्याला सुचत नव्हतं.

"ती तशी सापडली," चढता चढता तो म्हणाला, "तर बंदूक आजच लिंडिगांना परत. परवानाही परत. मला त्यात पडायचंच नव्हतं."

तो नुसतं म्हणत नव्हता, हे त्यांना कळत होतं.

शिरीषला त्या ओळखत होत्या ते वीस वर्षांहून जास्त. इस्लामपूरचा मुलगा, सांगलीला मेकॅनिकल झालेला, पुण्यात चार वर्षं घासून इथे आलेला. येनात भिंगं आणि काचा बनवणाऱ्या एका कंपनीत काचा धरून ठेवणारे धातूचे सांगाडे आखायचा. कामात चोख, घरात गबाळा. पण मराठी मंडळींत त्याचं नाव होतं ते वेगळ्याच कारणाने. कुणाचं घर बदलायचं असलं, म्हणजे इथल्या भाषेत उमझुग असला, की पहिला फोन त्याला जायचा. लिफ्ट नसलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर वॉशिंग मशीन चढवणं हे त्याचं सुख. नीता म्हणायची, "आमच्याकडे रविवार म्हणजे दुसऱ्याचा सोफा."

हरणांकडेही तो ओढण्यातूनच आला. काही वर्षांपूर्वी अशाच नोव्हेंबरात कामावर जाताना त्याच्या गाडीसमोर हरिण आलं. मागचे पाय निकामी झाले आणि ते पुढच्या पायांनी उठायला बघत राहिलं. इथला कायदा असा की जखमी जनावराला आपण हात लावायचा नाही. पोलिसांना फोन करायचा, मग ते त्या भागाच्या शिकाऱ्याला पाठवतात. शिकारी येईपर्यंत शिरीष रस्त्याच्या कडेला उभा. "मी यंत्रांचा माणूस, ताई," त्याने पुढे एकदा चहा पिताना सांगितलं होतं. "मोडलेलं दिसलं की हात आपोआप पुढे जातो. तिथे हात खिशात घालून उभं राहायचं होतं. ते माझ्याकडे बघत होतं आणि मी घड्याळाकडे." शेवटी लिंडिग आले. काम क्षणात झालं. मग त्या म्हाताऱ्याने टोपी काढली आणि शिरीषला विचारलं, गाडीत चढवायला हात लावतोस का.

तेव्हापासून तो लिंडिगांचा ओढणारा झाला. त्यांनी मारायचं, याने साफ करायचं आणि जंगलातून बाहेर ओढून आणायचं. मंडळींनी थट्टा केली. "शिरीष, तुझ्याकडे जेवायला येताना ताट तपासून घ्यायचं का रे?" नीताने एकच अट घातली. ओढायचं ते ओढ, माझ्या फ्रीजमध्ये आणायचं नाही. पुढे लिंडिगांच्या आग्रहाने त्याने शिकाऱ्याची परीक्षाही दिली. लोक तिला हिरवी बारावी म्हणतात इतकी ती अवघड. नेमबाजीत एकदा नापास होऊन दुसऱ्यांदा तो पास झाला. परवाना मिळाला आणि कपाटात पडून राहिला. मारायचं काम लिंडिगांचंच होतं. ते आजपर्यंत.

उतार संपला. वर पाईनची झाडं दाट होती, खाली साले नदीच्या खोऱ्यावर धुकं साचलेलं. ताई चालता चालता मनातल्या मनात स्तोत्र म्हणत होत्या. हरवलेलं काही शोधताना त्या नेहमीच म्हणत, शाळेत पोराची चप्पल हरवली तरी. पण आज मध्येच त्या अडखळल्या. देवाकडे मागायचं काय? सापडू दे म्हणावं, तर मेलेली सापडू दे असं म्हणावं लागत होतं. तसं मागणं त्यांनी जन्मात केलं नव्हतं. शेवटी त्यांनी एवढंच म्हटलं, की तिला दुखत नसू दे. यात काय ते आलं.

शिरीषचा फोन वाजला. लिंडिग होते. खाली जंगलाच्या रस्त्यावर गाडीत काठी घेऊन बसले होते, चालवत नव्हतं म्हणून चिडलेले. शिरीषने फोन स्पीकरवर टाकला.

"सुरुवात कुठून केलीस?" लिंडिगांनी विचारलं. इतक्या वर्षांच्या येण्याजाण्यात ताईंना जर्मन तुकड्या-तुकड्याने कळू लागलं होतं, राहिलेलं शिरीष मराठीत सांगत होता.

"बर्चच्या झाडापासून. तिथेच उभी होती ती."

"कशावरून?"

"मोजलं होतं मी. अंतर मोजायच्या यंत्राने. आकडा आला, खाली उतरून तेवढंच चाललो. बरोबर बर्चपाशी पोचलो."

मग म्हातारा हळूच हसल्यासारखा झाला. "आल्झो, म्हणजे यंत्राने. आणि गोळी झाडण्याआधी ती कुठल्या गवतात उभी आहे, ते डोळ्यांनी बघून ठेवलं होतंस का?"

"नाही," शिरीष म्हणाला.

"परत मचाणावर जा," लिंडिग म्हणाले. "बाईंना खाली पाठव. हरिणी होती तिथे त्यांना उभं कर. सकाळी दिसत होतं तसं दिसतं का, वरून बघ. जागा चुकलास की माणूस दिवसभर दुसऱ्याच जंगलात फिरतो."

मचाण म्हणजे लाकडी शिडी आणि वर एक टपरीवजा खोकं. शिरीष शिडीपाशी आला आणि त्याने ताईंना सांगितलं, "मी वर चढतो. तुम्ही खाली त्या मोकळ्या पट्ट्यात जा. मी हाताने दाखवीन तसं सरकायचं."

"म्हणजे मी हरिणी व्हायचं."

"थोडा वेळ."

"आणि तुम्ही वर बंदूक घेऊन."

त्याने बंदुकीतून काडतुसं काढून खिशात घातली, रिकामी बंदूक वर नेऊन कोपऱ्यात उभी केली आणि खिडकीतून दोन्ही हात बाहेर काढून दाखवले.

"दिसतायत," ताई म्हणाल्या. "तिथेच ठेवा."

सकाळपासून त्याच्या तोंडावर पहिल्यांदा काहीतरी हललं.

ताई खाली निघाल्या. सवयीने पाय बर्चकडेच वळले, पांढरं खोड लांबूनही डोळ्यांत भरत होतं. वरून शिरीषने हात हलवला. मागे. त्या मागे आल्या. आणखी मागे. डावीकडे. मग पायाखालची जमीन उतरू लागली. वरून सपाट दिसणाऱ्या त्या पट्ट्यात मध्येच एक खळगा होता, आणि गवताचे शेंडे सारख्या उंचीवर आल्यामुळे तो मचाणावरून दिसत नव्हता. ताई खळग्यात उतरल्या आणि बर्चचं खोड कमरेपर्यंत झाकलं गेलं. शिरीषने दोन्ही तळहात खाली दाबले. थांबा. मग एक हात आडवा फिरवला. त्यांना कळलं, आडवं उभं राहायचं होतं.

त्या आडव्या उभ्या राहिल्या. मचाण इथून काडेपेटीएवढं दिसत होतं, त्यातल्या माणसाचा चेहरा दिसत नव्हता. नुसती दुर्बीण चकाकली. कुणीतरी आपल्याकडे इतक्या निरखून बघतंय आणि आपल्याला त्याचं काहीच दिसत नाही, हे ताईंना मुळीच आवडलं नाही. सकाळी ती इथेच उभी असेल, तीन पायांवर, तोंडात गवत घेऊन. त्यांनी शालीचं टोक घट्ट धरलं. मग खाली बघितलं.

पायाशी गवतावर केस पडले होते. राखाडी, जाड, मुळाशी फिकट, कुणी कात्रीने कापल्यासारखे. शेजारच्या एका पात्यावर लाल थेंब होता आणि त्यावर साबणाच्या फेसासारखे बारीक बुडबुडे गोठले होते.

ताईंनी हात वर केला. शाळेत पोरं करतात तसा.

शिरीष शिडी उतरला कसा ते त्यालाच ठाऊक. धावत आला, गुडघ्यांवर बसला, ते पातं खुडून दोन बोटांत चोळलं. बराच वेळ बघत राहिला.

"फेस आहे," तो म्हणाला. "ताई, फेस आहे."

"म्हणजे चांगलं की वाईट?"

"चांगलं. म्हणजे..." तो अडखळला. "फेस फुप्फुसाच्या रक्ताला येतो. पोटाला लागली असती तर रक्त काळपट, त्यात चघळलेलं गवत. मग जनावर तासन्‌तास जगतं. फुप्फुसाला लागली की श्वास आहे तेवढंच पळतं."

"मग ही इतका वेळ..."

"मी तिथे शोधतच नव्हतो. मी बर्चपासून शोधत होतो." त्याने मागे बघितलं, खळग्याकडे, मग बर्चकडे. "यंत्राचा किरण तिच्या पाठीवरून गेला आणि मागच्या बर्चला लागून परत आला. आकडा आला तो बर्चचा. आणि मी तो धरून चालत सुटलो."

"हे यंत्र तुमच्याच कंपनीत बनतं ना?"

"त्यातली काच बनते आमच्याकडे."

"मग काच बरोबर होती," ताई म्हणाल्या.

इथून पुढे फार शोधावं लागलं नाही. गवतावर थेंब होते, मग पाचोळ्यावर, मग एका खोडाला घासलेला लांब डाग. शिरीष मचाणावरून बंदूक आणून, ती भरून पुढे, ताई त्याच्या बऱ्याच मागे, त्याने सांगितलं तशा. कडेला काटेरी झुडपांची रांग होती, टोकाला सुकलेली निळी फळं लटकलेली. तिथे तो थांबला. वाकला. एक काडी घेऊन पुढे केली, मग तशीच खाली टाकली आणि बंदूक रिकामी करून पाचोळ्यात बसला. मांडी घालून, जेवायला बसल्यासारखा.

ताई जवळ गेल्या. हरिणी कुशीवर पडली होती. डोळे उघडे, काचेसारखे. काडी डोळ्याला लावली तरी पापणी हलली नाही, तेव्हाच त्याला कळलं होतं.

"पाचोळा बघा," शिरीष म्हणाला. "तिच्या पायाशी. उकरलेला नाही. एका जागीच पडली आणि हललीच नाही. तडफडली असती तर इथे जमीन दिसली असती."

ताईंनी बघितलं. पानं जशीच्या तशी होती, दहिवरासकट. त्यांनी हात जोडले. कुणाला, ते त्यांनाही नीट ठरवता आलं नाही. आता मघासारखं अडखळायला मात्र झालं नाही.

शिरीषने खिशातून फोन काढला, कुत्र्याच्या बाईला येऊ नका म्हणून सांगितलं. मग लिंडिगांना. दोन्हीकडे त्याचं बोलणं दोन-तीन शब्दांचं. नंतर तो उठला, टोपी काढली, शेजारच्या झाडाची एक लहानशी हिरवी डहाळी मोडली आणि हरिणीचं तोंड बोटांनी हळूच उघडून तिच्या दातांत ठेवली.

"हे काय?"

"शेवटचा घास," तो म्हणाला. "इथली रीत आहे. जंगलातलं अन्न घेऊन तिने जायचं."

ताई काही वेळ त्या हिरव्या डहाळीकडे बघत राहिल्या. यजमान गेले तेव्हा त्यांच्या तोंडात तुळशीचं पान ठेवलं होतं ते त्यांनीच. "बरं केलंत," त्या म्हणाल्या.

"आता तुम्ही जरा लांब जाऊन बसा. हे मला लगेच करायला हवं. आत गरम राहिलं तर मांस वाया जातं. थंडी होती म्हणून निभावलंय."

"एकट्याने होतं का?"

"होतं. पण पाय कुणी धरले तर नीट होतं."

ताईंनी कधी अंडंसुद्धा फोडलं नव्हतं. आज तर शनिवार. पण सकाळपासून या माणसाबरोबर त्या चालत होत्या आणि अर्ध्यावर झाडामागे जाऊन बसणं त्यांना बरं वाटेना. त्यांनी शाल काढून फांदीला अडकवली. "धरते मी. बोलत मात्र राहा. गप्प बसून करू नका."

म्हणून तो बोलत राहिला. रबरी हातमोजे घालून, हरिणीला उताणी करून, लहान सुरी दोन बोटांच्या मध्ये धरून. सुरीचं टोक वर ठेवायचं, म्हणजे कातडी कापते पण आतडं फुटत नाही. आतडं फुटलं की सगळं नासलं. ताई आधी आकाशाकडे बघत होत्या, मग पाईनच्या शेंड्यांकडे, आणि मग कधीतरी त्यांनी खाली बघितलं. वाफ येत होती. वास होता, पण ओल्या गोठ्यासारखा, वाटला होता तेवढा वाईट नाही. शिरीषचे हात इतके सावकाश चालले होते की ताईंना नवल वाटलं. घरात चहा गाळताना याच हातांनी ओट्यावर तळं व्हायचं.

कोठा आणि आतडी एकसंध बाहेर आली. त्याने ती बाजूला पाचोळ्यात ठेवली, कोल्ह्यांना. मग काळीज, म्हणजे यकृत, हातात घेऊन उजेडाकडे धरलं, दोन्ही बाजूंनी फिरवलं, कडेवर अंगठा फिरवला. "गुळगुळीत आहे. कड धारदार. रोग नव्हता काही. पाय सोडला तर धडधाकट होती." काळीज त्याने पिशवीत ठेवलं. मग हात छातीच्या पिंजऱ्यात कोपरापर्यंत गेला आणि फुप्फुसं बाहेर आली. त्याने ती तळहातावर पसरली.

"हे बघा."

दोन्हींतून आरपार भोक होतं.

"दोन्ही," तो म्हणाला. "दोन्हींतून गेलीय. मचाणावर मी बंदूक खाली ठेवली, तेव्हा ती इथे पडलीही असेल. मी तिथे गप्प बसून होतो तेव्हा सगळं संपलेलं होतं." त्याने मनगटाने नाक पुसलं आणि गालावर रक्ताची रेघ ओढली गेली. "संपलेलं होतं, ताई. आपण शोधत होतो तेव्हा तिला काही दुखत नव्हतं."

"नव्हतं," ताई म्हणाल्या. त्यांच्या हातांत अजून तिचे मागचे पाय होते, बारीक, वेताच्या काठ्यांसारखे. आपण किती घट्ट धरलेत हे त्यांना आत्ता कळलं. त्यांनी बोटं सैल केली. सकाळपासून पोटात काही नव्हतं, आणि आता एकदम, नको त्या वेळी, भूक लागली. त्याची त्यांना लाज वाटली आणि हसूही आलं.

"काय झालं?"

"काही नाही. घरी साबुदाणा भिजलेला आहे."

शिरीष हसला. पहिल्यांदा नीट हसला. मग बराच वेळ हसतच राहिला, माणूस ओझं उतरवल्यावर हसतो तसा, विनोदाला न शोभेल इतकं.

ओढायचं काम त्याचं हक्काचं. पुढचे पाय आणि मान एका दोरीत बांधली, म्हणजे केसांच्या दिशेने ओढता येतं आणि पाचोळा अडत नाही. दोरीला एक जाड काठी अडकवली. तो काठीच्या एका बाजूला लागला आणि ताई काही न विचारता दुसऱ्या बाजूला.

"तुम्ही पिशवी घ्या फक्त."

"चौथीच्या वर्गाला सहलीहून घरी ओढत आणलंय मी. ही तरी रडत नाही."

उतार होता म्हणून बरं. गवतावर ती सरसर यायची, मुळांपाशी अडायची, मग दोघं थांबून वळायचे आणि शिरीष तिचं डोकं हळूच उचलून पलीकडे ठेवायचा. वाटेत तो बडबडत होता. नीताला पहिल्यांदा इथे आणलं तेव्हा चढवलेल्या फ्रीजबद्दल, अन्वी मराठीत विचारलं तरी जर्मनमध्ये उत्तर देते त्याबद्दल, वाईच्या घाटावरच्या भेळेबद्दल. एकदा मध्येच म्हणाला, "नीताला मी सगळं सांगणार आहे. आज काय झालं ते." ताई म्हणाल्या, "सांगा की. जेवण झाल्यावर सांगा."

लिंडिग गाडीबाहेर येऊन काठीवर रेलून उभे होते. हरिणीला बघून त्यांनी टोपी काढली. मग ते कष्टाने वाकले, तिचा वाकडा पाय हातात घेऊन सांध्यावर बोट फिरवलं, आतून पोकळी बघितली, काळजाची पिशवी उघडून हुंगली.

"गुट," ते म्हणाले. "खांदा सोडून सगळं चालेल. आणि हा पाय बघ. मांसच उरलं नव्हतं यावर. जानेवारी काढला नसता हिने."

त्यांनीही एक डहाळी मोडली, रक्ताला टेकवली, स्वतःच्या टोपीवर ठेवली आणि टोपी पुढे करून शिरीषला दिली. शिकाऱ्याने ती डहाळी आपल्या टोपीला लावायची, अशी पद्धत. शिरीषने ती घेतली, पण लावली नाही. त्याने आधी खांद्यावरची बंदूक काढली आणि दोन्ही हातांनी पुढे धरली.

"जागा चुकली माझी," तो म्हणाला. "मोठी चूक. आज नशीब."

लिंडिगांनी बंदुकीकडे बघितलंच नाही. "माझी कंबर चालायला लागेपर्यंत तुझ्याकडे ठेव. मीही एकदा भलत्याच शेतात शोधलं होतं. गेनाऊ, अगदी असंच." मग ताईंकडे वळून ते अदबीने किंचित झुकले आणि काहीतरी म्हणाले.

"काय म्हणतात?"

"म्हणतात, इतकी शहाणी हरिणी त्यांनी आजवर बघितली नव्हती."

"त्यांना सांगा, गाडीत बसून हरिणी शोधून देणारा शिकारीही मी आजच बघितला."

हरिणी लिंडिगांच्या गाडीत गेली. शिरीषची गाडी गावात होती, ती दोघं चालत तिथे आली. चर्चच्या मागे दगडी हौद होता, त्यात बारीक धार सतत पडत होती. शिरीषने बाह्या वर केल्या आणि हात कोपरापर्यंत धुतले, मग तोंड. ताईंनी त्याच्या गालावरची रेघ दाखवली, ती त्याने पुन्हा घासली. पाणी इतकं गार होतं की बोटं लाल झाली. ताईंनीही हात धुतले, खळखळून, दोनदा. ऊन वर आलं होतं आणि धुकं खोऱ्यातून निघून गेलं होतं. खाली येनाची घरं, नदी, सायकलवरून चाललेली माणसं, सगळं स्वच्छ दिसत होतं. ताईंना वाटलं, आता इथे थोडा वेळ नुसतं बसावं.

शिरीष हात झटकत उभा राहिला. काहीतरी बोलायचं होतं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. कॉलेजात असताना नीताला मागणी घालायला आला होता, तेव्हाही आधी असाच त्यांच्या माहेरच्या हौदापाशी घोटाळत राहिला होता म्हणतात.

"बोला," ताई म्हणाल्या.

"लिंडिग सांगतात, आणखी दोन आहेत. एक गाडीने उडवलेली, एक म्हातारी. त्यांची कंबर इतक्यात धड होत नाही." तो थांबला. "दुर्बिणीतून बघायला लागलो ना, की मला जनावर सोडून दुसरं काही दिसत नाही. आजूबाजूचं सगळं जातं."

"मग?"

"मी मचाणावर असेन तेव्हा माझ्या शेजारी बसाल का, ताई? गोळीच्या वेळी डोळे मिटा हवं तर, स्तोत्र म्हणा. फक्त त्याच्या आधी, ती कुठे उभी आहे, तेवढी जागा माझ्यासाठी बघून ठेवा."